दोन घरचा गडी

मी फारसी आणि पदार्थविज्ञान दोन्ही घेऊन बी.ए. झालो, हे ऐकलं की आजही लोक भुवया वर चढवतात. कसं काय जमवलंत म्हणून विचारतात. मी सांगतो, गूळ खाऊन. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला थट्टेची खोड आहे. खोड आहेच, पण ही गोष्ट खरी आहे. गुळाच्या एका खड्यानं माझी वाट अडवली आणि त्या गुळाच्याच रिवाजानं ती मोकळी केली. सगळं सांगतो, फक्त मधे बोलायचं नाही.

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या अंगाला. काळं रान, त्यात कापूस, तूर, ज्वारी, आणि विहिरीखाली थोडा ऊस. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, सरकारी साल फसली, त्या सालाचे महिनेसुद्धा निराळे. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना त्या फसली सालाशी सारा भरण्यापुरतंच देणंघेणं. त्यांचं साल पाडव्याला सुरू व्हायचं आणि पाडव्यालाच संपायचं, कारण आमचे सालगडी पाडव्याला ठरत.

गुढी उभी राहिली, लिंबाचा पाला चावून सगळ्यांची तोंडं कडू झाली, की दादा ओसरीवर बसत. शेजारी गुळाचं ताट. अंगणात गडी रांगेनं उभे. दादा एकेकाला विचारत, "औंदा हायेस का?" राहायचं असलं की गडी पुढं येऊन हात पसरी, दादा त्यावर गुळाचा खडा ठेवत, आणि खडा तोंडात गेला की शब्द झाला. मग वर्षभर तो गड्यानं मोडायचा नाही आणि मालकानंही नाही. जायचं असलं तर गडी हात पसरत नसे. तो म्हणे, "मालक, वरीस भरलं. औंदा मोकळं करा." दादा त्याला दोनच गोष्टी विचारत: कामात खाडा केलास का, आणि घरात कुणाचं वाकडं केलंस का. दोन्हीला नाही असेल तर त्याला कुणीच अडवायचं नाही. जाताना त्याला नव्या वहाणा मिळत. "मपल्या घरचा माणूस अनवाणी जात न्हाई," असं दादांचं म्हणणं.

हा रिवाज दादा पाळत म्हणजे कसा? एका साली गूळ खाऊन राहिलेला गडी पक्का आळशी निघाला. दुपारी बाभळीखाली जो आडवा व्हायचा, तो बैलं परत फिरली तरी उठायचा नाही. सगळं गाव म्हणालं, हाकला त्याला. दादांनी वर्षभर त्याला भाकरी घातली, त्याच्या वाटणीचं काम स्वतः केलं, आणि पुढच्या पाडव्याला त्याच्यासमोर गुळाचं ताट झाकून ठेवलं. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो. आता पुढचं ऐका.

दादांचे धाकटे भाऊ, माझे काका, बीडच्या अदालतीत वकील होते. त्यांना मूल नव्हतं. मी सात-आठ वर्षांचा असताना ते मला बीडला घेऊन गेले, फौकानियात घातलं. हायस्कुलाला तेव्हा फौकानिया म्हणत. काकूंनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. ताटात तूप जरा जास्तच पडायचं, कानही जरा जास्तच पिळला जायचा. माझ्या मनात काकांचा मान मोठा. तारखेच्या दिवशी काळा कोट घालून निघाले की शेजारपाजारचे उठून सलाम करायचे, आणि मला वाटायचं, हा माणूस माझा आहे.

फौकानियात मला दोन शिक्षकांनी बिघडवलं. एक फारसीचे मौलवीसाहेब. त्यांच्यापाशी शब्द घासून, पुसून, उन्हाला धरून बघायची मला चटक लागली. एका गोष्टीला चार शब्द असतील तर चौथा कुठं कमी पडतो, यावर आम्ही तास घालवायचो. दुसरे सायन्सचे मास्तर, हैदराबादकडचे, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते पितळी गोळा तापवायचे आणि तो कड्यातून जात नाही हे आम्हाला दाखवायचे. मी लगेच विचारायचो, का? घरी तर माझं नावच "कावून" पडलं होतं. आमच्या गुऱ्हाळात रसात चुन्याची निवळी टाकली की मळी वर येते. मी गुळव्याला विचारलं, कावून? तो म्हणाला, "येती म्हणून येती. हो तिकडं, भाजशील." हे काय उत्तर झालं? मी आठवडाभर कढईभोवती घिरट्या घातल्या.

एका सुट्टीत घरी आलो होतो. मातीच्या भांड्यात पाणी गार का होतं ते शाळेत नुकतंच शिकलो होतो, आणि अंगात मस्ती होती. माय भाकरी थापत होती. मी म्हणालो, "माय, रांजणातलं पाणी गार कावून होतं, ठावं हाय का?"

"कावून?"

"तबखीर होते म्हणून."

"कोण होते?"

"तबखीर गं, तबखीर!"

"कुणाची लेक ती?" माय म्हणाली आणि भाकरी उलटली.

मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि तो राग माझा मलाच आला. हुशार पोरगा म्हणून गावभर मिरवत होतो आणि शिकलेली एक गोष्ट जन्म दिलेल्या बाईला सांगता येईना! शाळेनं मला शास्त्र दिलं ते उर्दूत, बाष्पीभवन नव्हे तर तबखीर. त्याला मायच्या बोलीत शब्दच नव्हते, किंवा होते आणि मी ते शोधले नव्हते. दुपारभर रांजणापाशी बसून राहिलो. बाहेरून हात लावला, ओल वाळताना बघितली. शेवटी मायला म्हणालो, "रांजण पाझरतो. बाहेरची ओल वाळून हवेत जाते. पण तिला जायला ऊब लागते. ती ऊब ती आतल्या पाण्यातून घेऊन जाते. म्हणून मागं राहिलेलं पाणी गार."

माय म्हणाली, "म्हंजी जाणारा पाव्हणा घरातलं कायतरी संगं नेतोच, तसं."

"तस्संच!" मी इतक्या जोरात ओरडलो की दावणीचं वासरू बुजलं. काय आनंद झाला होता मला! मौलवीसाहेबांकडचं आणि मास्तरांकडचं, दोन्ही मिळून तो झाला होता. नुसतं शास्त्र शिकलो असतो तर जन्मभर तबखीर तबखीर करत बसलो असतो. नुसती भाषा शिकलो असतो तर सांगायला होतं काय? त्या दिवशी मनाशी ठरलं, आपल्याला दोन्ही पाहिजे. मी एकदा ठरवलं की ठरलं. तो स्वभाव आजही गेलेला नाही, घरच्यांना विचारा.

मॅट्रिकच्या वर्षी मास्तरांनी सांगितलं, की हैदराबादच्या कॉलेजात आजवर दोन दरवाजे होते: एक कलेचा, म्हणजे भाषा, इतिहास आणि पुढं वकिली; दुसरा सायन्सचा, म्हणजे पुढं डॉक्टर नाहीतर इंजिनेर. आता तिथं तिसरा निघालाय. अर्धे विषय इकडचे, अर्धे तिकडचे, आणि डिग्री एक. फार कुणी जात नाही, बाकीची पोरं त्यांना खिचडीवाले म्हणतात. मी म्हणालो, मला खिचडी आवडते.

काकांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "खुळा का काय तू? कला घे, वकील हो, माझ्या खुर्चीवर बस. मी कुणासाठी जमवतोय ही खटल्यांची मिसलं, ही पुस्तकं? अर्धं हे आणि अर्धं ते, अशानं धड काहीच होत नाही माणूस. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी." महिनाभर वाद चालला. ते चिडून बोलत, मी त्यांच्याहून चिडून. पण त्यांच्या चिडण्यात काळजी होती आणि म्हातारपणाची भीतीही होती. हे मला कळत होतं, म्हणून जोरात भांडता येत नव्हतं. शेवटी ठरलं, पाडव्याला गावी जायचं आणि दादा म्हणतील तसं.

पाडवा उजाडला. मायनं लिंबाच्या पाल्याचा असा गोळा माझ्या तोंडात घातला की डोळ्यांत पाणी आलं. अंगणात गड्यांचं चाललं होतं. आमचा सगळ्यांत जुना गडी त्या साली लेकीच्या गावी निघाला होता. त्यानं "वरीस भरलं" म्हटलं, दादांनी दोन प्रश्न विचारले आणि त्याच्यापुढं वहाणा ठेवल्या. म्हातारा डोळे पुसत गेला. मी तोंड वेंगाडत खांबाला टेकलो होतो. काका दादांच्या शेजारी बसले होते. त्यांनी ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्याकडं धरला आणि हसून म्हणाले, "ये रे. घे, तोंड गोड कर."

तोंडात कडू जहर, समोर गूळ. मी पुढं झालो, हात पसरला आणि खडा तोंडात टाकला.

"झालं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "औंदापासनं ह्यो मपला. कला घेणार आन वकील होणार!"

गडी हसले. एकानं तर टाळी वाजवली. गूळ विरघळायच्या आधीच मला कळलं काय झालं ते. पाडव्याच्या दिवशी, त्या ओसरीवर, त्या ताटातला गूळ कुणाच्या हातून घेतोय हे न बघता खाणारा गाढव आमच्या घरात मी एकटाच!

"दादा, मी तोंड कडू म्हणून खाल्ला! मला ठावं नव्हतं!"

"रिवाज ठावा नव्हता?" दादांनी विचारलं.

"रिवाज ठावा व्हता, पर..."

"गोड लागला का?"

मी ओठांवरचा गूळ पुसला.

"मग झालं," दादा म्हणाले. "गड्याला एक न्याव आन पोराला दुसरा केला, तर फुडल्या साली ह्या अंगणात कोण उभा ऱ्हाईल?"

मी ताडकन रानाकडं निघालो. डोकं भणभणत होतं. थोड्या वेळानं दादा मागून आले आणि बरोबर चालू लागले. कापूस निघून गेला होता. पऱ्हाटी उपटलेली, पण मधे मधे तुरीची खुंटं रांगेनं उभी होती. आमच्याकडं कापसाच्या काही ओळींमागं एक ओळ तुरीची पेरतात, त्याला पाटं टाकणं म्हणतात. मला एकदम वाटलं, सापडलं!

"दादा, कापसाच्या रानात ही तूर कावून?"

"पाटं टाकले व्हते. दर सालीच टाकतो, दिसत न्हाई तुला?"

"मग एका रानात तुमी दोन पिकं घेता, आन मी एका डोक्यात दोन विषय घेतले तर उपाशी मरतो व्हय?"

मला वाटलं, जिंकलो. दादा खाली वाकले, एक खुंट उपटलं, माती झटकली.

"पाटं आमी भिऊन टाकतो," ते म्हणाले. "कापूस गेला तर तूर हाताला लागावी म्हणून. तू कुणाला भितोस?"

मी ढेकळाला लाथ मारली आणि माघारी फिरलो. डाव्या पायाला लागलं, तेही तिथंच, जिथं लहानपणी बैलानं पाय दिला होता. लहानपणच्या त्या दुखापतीपासून माझा डावा पाय उजव्यापेक्षा रुंद आहे आणि बाजारची जोडी मला कधी बसत नाही. तो मोडका पाय ओढत घरी आलो आणि मायपाशी रडलो. का लपवू? मोठ्यानं रडलो.

पावसाळ्यात परळीला गाडी धरून हैदराबादला गेलो आणि कलेच्या दरवाजानं आत शिरलो. फारसी होती, त्यामुळं अगदीच जीव गेला नाही. पण सायन्सच्या खोल्या आमच्या वाटेवर होत्या. त्यांच्या खिडकीतून तेजाबाचा आंबूस वास यायचा आणि माझे पाय तिथं अडायचे. आत पोरं काचेच्या नळ्या दिव्यावर धरून बसलेली. माझा एक सोबती तिथं होता, परभणीकडचा. जेवताना मी त्याला छळायचो, आज काय केलंत, सांग. तो म्हणायचा, "तू वकील होणार बे, तुला काय करायचंय?" कुणीतरी माझी हकीकत फोडली होती, त्यामुळं सगळे मला "गुळाचा वकील" म्हणायचे. मी त्यांना काय म्हणायचो ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग एक दिवस इतिहासाच्या तासाला प्राध्यापक जुन्या जहागिरींचं सांगत होते. अमक्याला जहागीर मिळाली, तिची मुदत ठरलेली. मुदत भरली, चाकरी चोख असली, की त्याच्यावर कसलं बंधन राहत नसे. मी झोपेत होतो, खाडकन जागा झालो. मुदत! अरे, गूळ किती दिवसांचा? पाडवा ते पाडवा! मी गड्यांच्या ताटातला गूळ खाल्ला असेल तर मी गडी झालो. आणि गडी झालो तर माझंही वरीस भरतं! मी मोठ्यानं हसलो. प्राध्यापकांनी मला बाहेर काढलं. बाहेर जाऊनही मी हसतच होतो.

त्या दिवसापासून मी असा अभ्यास केला, की काय सांगू. चांगल्या गड्यासारखा. एक तास बुडवला नाही, एकही शब्द उधार ठेवला नाही. सहामाहीला फारसीत पहिला आलो. काकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पण मागं फिरायचं माझ्या मनातही आलं नाही. मी चोरी करत नव्हतो. रिवाजानं बांधला गेलो होतो, रिवाजानंच सुटणार होतो.

वर्षाची परीक्षा आटोपून पाडव्याच्या आधी घरी आलो. मायला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "कुणाला सांगू नको."

"मी कशाला सांगू बाई?" माय म्हणाली.

दोन दिवसांनी माझी एक वहाण गायब झाली. डावी. दारात काढलेली, सकाळी नाही. आमच्या लाल कुत्र्याला चामडं चघळायची सवय होती. मी काठी घेऊन त्याच्यामागं उकिरड्यापर्यंत धावलो, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माय पदर तोंडाला लावून उभी होती. "सोड रे त्याला," म्हणाली. चैत्राचं ऊन, तापलेली माती, आणि मी अनवाणी. जो भेटेल त्याला कुत्र्याची करणी सांगत फिरलो.

पाडव्याला काका आले. कपाळाला गंध, नवा रुमाल, खुशीत. ओसरीवर दादांच्या शेजारी बसले आणि मला शोधू लागले. मी ओसरीवर नव्हतो. मी अंगणात, गड्यांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी उभा होतो. शेजारचा गडी कुजबुजला, "धाकले मालक, उन्हात कावून?" मी म्हटलं, गप.

दादा एकेकाला विचारत आले. माझ्यापाशी पोचले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"औंदा हायेस का?"

मी काकांकडं वळलो आणि म्हणालो, "मालक, वरीस भरलं. औंदा मोकळं करा."

काका उठून उभे राहिले. "हा काय तमाशा! दादा, ह्यो काय गडी हाय?"

"गूळ तूच दिलतास," दादा म्हणाले. "ह्याच ताटातला. मी तवाच म्हणलो, गड्याला आन पोराला न्याव एकच. आता मागं सरू का?"

काका बसले.

"वर्सभर खाडा केला का ह्यानं?" दादांनी त्यांनाच विचारलं.

काका वकील होते, पण खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी रुमालाचं टोक पिळलं. "न्हाई. फारसीत पयला आलता."

"तुपलं काय वाकडं केलं?"

"न्हाई."

दादा माझ्याकडं वळले. "फुडं कुणाच्या घरी जाणार?"

"दोन घरी," मी म्हणालो. "कलेच्या बी आन सायन्सच्या बी."

"मी सांगतच व्हतो!" काकांना राहवलं नाही. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!"

"पाहुणा उपाशी ऱ्हातो, काका," मी म्हणालो. "गडी न्हाई. गडी राबून खातो."

रांगेतून हसू फुटलं आणि लगेच दबलं, कारण दादा हसले नव्हते. ते माझ्या अगदी जवळ आले. "गेल्या पाडव्याला मी तुला रानात एक इचारलं व्हतं. ते राह्यलंय."

मला ते रोज आठवत होतं. कुणाला भितोस?

"कुणालाच न्हाई, दादा," मी म्हणालो. "एक बुडालं तर दुसरं असावं म्हणून न्हाई मागत मी. दोन्ही आवडतात म्हणून मागतो. एकच घेतलं तर मी जगंन, वकील बी व्हईन. पर दुसऱ्याच्या खिडकीपाशी जन्मभर उभा ऱ्हाईन. रांजणातलं पाणी गार कावून होतं ते मला शोधायचं बी हाय आन मायला सांगायचं बी हाय."

"कालेजात पयल्या वर्सापासनं पुन्हा बसावं लागंल."

"बसंन."

दादांनी मान हलवली. "मोकळा," म्हणाले.

मी काकांच्या पाया पडलो. मला वाटलं, ते पाय मागं घेतील. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "मेल्या," ते म्हणाले, "सबंध बीडच्या अदालतीत मला असं कुणी चीत केलं न्हाई. आन म्हणं वकील व्हायचं न्हाई!" मग हळूच विचारलं, "सुट्टीत बीडला येशील ना? काकू वाट बघती." मी म्हटलं, आधी बीड, मग गाव. पुढं ते मी पाळलं.

"अगं, घिऊन ये ते," दादांनी आत हाक दिली.

माय वहाणा घेऊन आली. नव्या, तेल पाजून मऊ केलेल्या. दादांनी त्या जाणाऱ्या गड्यापुढं ठेवतात तशा माझ्यापुढं ठेवल्या. आधी उजवा पाय घातला, मग डावा. माझा तो रुंद, मोडका डावा पाय, जो कुठल्याच जोडीत जात नाही, तो अलगद आत बसला. कुठं आवळलं नाही, कुठं टोचलं नाही. मी दादांकडं बघितलं.

ते पाठ फिरवून ताटातला उरलेला गूळ झाकत होते.

"तुपली जुनी वहाण वहाणवाल्याकडं हाय," ते म्हणाले. "मापाला नेलती. जाताना घिऊन जा. आन त्या कुत्र्याला उगं शिव्या दिऊ नको."